कवळ्यावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

ठाण्याजवळच्या पारसिक टेकडीवर कवळा ही पावसाळी रानभाजी उगवते. तिचं बी पडण्याआधी तिथलं गवत कापू नका, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर एका वाचकांनी लिहिलंय: 'नावगाव नसलेल्या, चार महिन्यांत आपोआप मरणाऱ्या रोपट्यासाठी गळा काढू नका. साप निघतात, गवत कापायलाच हवं. त्या जागी गिरिपुष्प लावा, तेही शेंगावर्गातलंच आहे. घरबसल्या लिहिणं सोपं असतं.'

आधी शेवटच्या वाक्याचं बोलू. माझं लहानपण ठाण्यात, नौपाड्यात गेलं. पावसाळा लागला की आजी जांभळी नाक्यावर येऊरच्या पाड्यांवरून आलेल्या बायकांकडून कवळ्याच्या जुड्या घ्यायची. त्या निवडायचं काम माझ्याकडे. कोवळा पाला खुडायचा, जून दांडे टाकायचे. मग कांद्यावर भिजवलेली मूगडाळ, पाला, वरून ओलं खोबरं. पुढे टेकडीवर तेच रोप ओळखू आलं ते या हातांना. पानाला बोट लावलं की पानं मिटतात, हेही मला कुणी फोटोत दाखवलेलं नाही. ओळखदेख नसताना माणसाला 'घरबसल्या' म्हणायचं ही कुठली पद्धत? माझं म्हणणं पटलं नाही तर तसं लिहा, पण सभ्यपणे.

नावगावही आहे बरं का. स्मिथिया सेन्सिटिव्हा हे त्याचं शास्त्रीय नाव १७८९ सालापासून छापलेलं आहे. लिहिण्याआधी एवढं तरी बघायचं होतं.

पायवाटेच्या कडेचं गवत कापावं, हे मान्य. त्याला माझा विरोध कधीच नव्हता. लेख नीट वाचला असता तर कळलं असतं.

आता ते 'आपोआप मरणाऱ्या'. कवळा वर्षायू आहे, म्हणूनच तर कापणी कधी होते याला महत्त्व. पहिल्या पावसात बी रुजतं, श्रावण-भाद्रपदापासून पिवळी फुलं येतात, पाऊस ओसरला की रोप वाळतं. आंब्याचा एका सालचा मोहोर गळाला तरी झाड उभं असतं. कवळ्याकडे पुढच्या सालासाठी बी सोडून काही नाही. आणि ते बी दिसतसुद्धा नाही! फूल सुकल्यावर शेंग बाहेर लोंबत नाही. खरखरीत, केसाळ पुष्पकोशाचे, म्हणजे फुलाखालच्या हिरव्या आवरणाचे, दोन ओठ मिटलेले राहतात आणि आत शेंगेची चपटी पेरं एकावर एक घडी घालून बसलेली असतात. एकेका पेरात एकेक बी. वरून बघणाऱ्याला वाटतं, फूल गेलं, आता उरलंय काय? नेमकं त्याच दिवसांत टेकडीवर मशीन फिरतं आणि कापलेलं सगळं पोत्यांत भरून खाली जातं. मातीत पडून राहिलेल्या जुन्या बियांवर कवळ्याने किती वर्षं काढायची? रोप मरतं याचं मला दुःख नाही, ते मरणारच. बी पडण्याआधी ते कापतात, यावर माझा आक्षेप आहे.

आता गिरिपुष्प. ते झाड आहे, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. कवळा उघड्या, ओलसर गवतातला. त्यावर झाडांची सावली धरली की तो संपलाच. एकाच वर्गातली म्हणून एकाच्या जागी दुसरं चालेल, या म्हणण्यावर आणखी वेळ घालवणार नाही.

माळावरची कापणी रोपं पुरती वाळल्यावर, दिवाळीनंतर करा, एवढीच माझी मागणी होती आणि आहे. त्यावर काही म्हणायचं असेल तर जरूर लिहा. माझ्यावर लिहिलेलं यापुढे छापणार नाही.