मोठे टायर टाकले की पिकअप गाडी सुधारते? ग्रुपवरच्या मेसेजचा हिशेब

पिकअपवाल्यांच्या ग्रुपवर एक सल्ला सारखा फिरतो. कंपनीचे २१५/७५ आर १५ टायर काढा आणि २३५/७५ आर १५ टाका. गाडी दोन इंच उचलेल, डिझेल वाचेल, ब्रेक घट्ट लागेल, अर्धा टन माल जास्त बसेल आणि पावसात गाडी घसरणार नाही. यातला एकही दावा जसाच्या तसा खरा नाही. ब्रेकचा आणि मालाचा तर सरळ धोक्याचा आहे.

उंचीचं आधी उरकू. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे रिमपासून वरची रबराची भिंत रुंदीच्या किती टक्के. शेवटचा रिमचा व्यास, इंचात. भिंत वर-खाली दोनदा धरून रिमच्या व्यासात मिळवली की जुना टायर साधारण ७०३ मिमी उंच भरतो आणि नवा ७३३. फरक ३० मिमीचा, पण त्यातला निम्माच आसाखाली येतो. म्हणजे गाडी उचलली १५ मिमी, जेमतेम अर्धा इंच. बाकीचा दीड इंच मेसेज लिहिणाऱ्याच्या खिशातला.

‘डिझेल वाचतं’ यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते खपतं. टायर सव्वाचार टक्के मोठा, त्यामुळे तेवढ्याच अंतराला इंजिनाचे फेरे तेवढेच कमी. खरं तर तुम्ही गाडीचे सगळे गियर एकदम लांब करून घेतले. सपाट हायवेवर, रिकाम्या गाडीला हे चालून जाईल. पण चाकाशी मिळणारा जोर चार टक्के घटतो. चढावर जिथे तिसऱ्यात निघत होता तिथे दुसरा टाकावा लागतो, आणि जास्त वजनाचं चाक प्रत्येक सिग्नलवरून नव्याने फिरवावं लागतं ते वेगळंच. मजा अशी की किलोमीटरचा मीटर जुन्याच हिशेबाने मोजतो. गाडी १०० किमी धावली तर तो ९६ दाखवणार, म्हणजे कागदावर ॲव्हरेज आधी घटलेलंच दिसेल. ‘मीटरवर वाढलं’ म्हणणाऱ्याने जुन्या टायरमध्ये हवा किती होती ते आठवून पाहावं.

वेगाचंही तेच. काटा ८० वर असताना गाडी ८३ च्या पुढे असते. बहुतेक काटे मुळात थोडं जास्तच दाखवतात, त्यामुळे हा फरक काही गाड्यांत आपोआप झाकला जातो. तो काही टायरचा गुण नव्हे.

आता ब्रेक. जास्त रबर म्हणजे घट्ट ब्रेक, असा मेसेजचा तर्क आहे. ड्रम, डिस्क, लायनर (ब्रेकची घासणारी पट्टी) सगळं तेच आहे, चाक मात्र मोठं झालंय. पायाचा दाब तोच ठेवला तर रस्त्यावर गाडी रोखणारी ताकद वाढत नाही, सुमारे चार टक्के कमी होते. नारायणगावचा टोमॅटो माळशेज घाटातून कल्याण-वाशीला जातो तेव्हा गाडी भरलेली असते ती नेमकी उतारावर. चढताना बहुधा रिकामे क्रेट. अशा उतारावर गाडी धरून ठेवतं ते इंजिन. मोठ्या टायरने इंजिनाची ही पकडही तेवढीच सैल होते. मग ड्रायव्हर पायाने भरपाई करतो आणि लायनर तापतात. तापलेले लायनर धरत नाहीत, हे घाटातल्या कुठल्याही ड्रायव्हरला सांगायची गरज नाही. पाऊस आणि धुकं असताना चार टक्के ही छोटी गोष्ट राहत नाही.

अर्धा टन जास्त माल? गाडी किती वजन पेलणार हे एकटा टायर ठरवत नाही. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक यातला सगळ्यात कच्चा भाग ते ठरवतो आणि आरसी बुकातला आकडा त्यावरूनच आलेला असतो. शिवाय मोठा टायर जास्त भार घेतो हेही गृहीत धरू नका. टायरच्या भिंतीवर साइजच्या पुढे भाराचा क्रमांक असतो: १०० म्हणजे ८०० किलो, १०९ म्हणजे १०३० किलो. जीपसाठी बनवलेल्या दिखाऊ खाचांच्या टायरचा क्रमांक मालवाहू टायरपेक्षा कमीही निघू शकतो. जादा माल पकडला गेला तर २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड. टायरची पावती दाखवून तो माफ होत नाही.

पावसाचं थोडक्यात. डांबरावर पाणी साचलं असेल तर रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो. मऊ वाळूत हवा कमी केलेला रुंद टायर कामाचा, हे मान्य. पण बाजार समितीच्या रस्त्यावर वाळू कुठून आणायची? ओल्या रस्त्यावर कामाला येते ती खाचांची खोली आणि बरोबर हवा.

साइज बदलायचीच असेल तर दाराच्या खांबावरचा स्टिकर किंवा गाडीचं मॅन्युअल बघा. कंपनीने दुसरी साइज मंजूर केली असेल तर तिथे लिहिलेली असते. नसेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, म्हणजे गाडीत मनाने बदल करू न देणारं कलम, आडवं येऊ शकतं, आणि अपघातानंतर विमावाला टायरचा आकडा वाचतोच. आणि स्टेपनीचं काय, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. चार टायर बदलून पाचवा जुनाच ठेवला, तर मागचं चाक पंक्चर झाल्या दिवशी मागच्या ॲक्सलवर दोन मापांची चाकं येतात आणि डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गियर) सरळ रस्त्यावरही अखंड झिजत राहतं. म्हणजे खर्च चारचा नाही, पाच टायरचा धरा.