दोन हात, पाच वस्तू

रोटरी या समाजसेवी क्लबांच्या संघटनेच्या पंचांगात जानेवारी हा व्यवसाय सेवेचा, म्हणजे आपापल्या कामातून समाजाची सेवा करण्याचा महिना. तिळगूळ संपायच्या आत गावातली चार-पाच कष्टाची माणसं शोधायची, त्यांना मंचावर आणायचं, अंगावर शाल घालायची आणि फोटो काढायचा, असा आमच्या क्लबांचा कुळाचार. कार्यक्रमपत्रिकेवर तो दीड तासाचा असतो. प्रत्यक्षात तयारी लग्नाइतकी आणि फजिती लग्नाहून जास्त, कारण लग्नात निदान नवरा-नवरी कोण हे आधी ठरलेलं असतं.

इथे तेच ठरत नाही. ‘आपल्या आजूबाजूचे नायक सुचवा’ असा निरोप व्हॉट्सॲपवर टाकला की नावं येतात ती अशी: एकाचे फॅमिली डॉक्टर, एकाचे बँक मॅनेजर (कर्जाचं प्रकरण मंजुरीला आहे), एकाचा साडू, आणि एका माजी अध्यक्षांनी सुचवलेले दुसरे माजी अध्यक्ष. यात वाईट माणूस एकही नाही. पण पहाटे चारला आपल्या आळीला पाणी सोडणारा चावीवाला या यादीत नसतो, कारण त्याचं नाव कुणालाच ठाऊक नसतं. मोबाइलमध्ये तो ‘पाणी’ या नावाने असतो आणि त्याला फोन जातो तो नळ कोरडा राहिला की.

यावर उपाय एकच. नाव सुचवण्याच्या कागदावर चार रकाने ठेवायचे: काम कोणतं, कुठे, किती वाजता चालतं, आणि ते तुम्ही स्वतः पाहिलंय का. चौथ्या रकान्याशी बरीच नावं गळतात. उरलेल्यांचं काम बघायला दोघांनी त्याच वेळी, त्याच जागी जायचं. ‘पहाटे चारला कोण येतंय?’ असं साप्ताहिक सभेत विचारलं की क्लबातले खरे कार्यकर्ते कोण तेही जाता जाता कळतं. बाकीचे त्या क्षणी छताचा पंखा निरखू लागतात.

जाऊन आलं की मानपत्र जवळजवळ स्वतःच लिहून होतं. चावीवाल्याची चावी म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारखी लांबलचक लोखंडी सळई. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, आत व्हॉल्व्हच्या टोकावर चावी बसवायची आणि वरचा दांडा धरून फिरवत राहायचं, तेही सावकाश. व्हॉल्व्ह झटक्यात बंद केला तर लाइनीतलं धावतं पाणी एकदम अडतं, दाबाचा धक्का उलटा फिरतो आणि जुन्या पाइपांचे सांधे गळू लागतात. उताराच्या आळीला मोकळं सोडलं तर चढावरच्या शेवटच्या घरात नळातून नुसती हवा फुसफुसते. म्हणून कुठला व्हॉल्व्ह किती आटे उघडायचा याचा हिशेब त्याच्या डोक्यात असतो, आणि बऱ्याच गावांत तो फक्त तिथेच असतो. तो आजारी पडला की अर्ध्या गावाला ते समजतं.

हे सगळं सोडून आमच्या मानपत्रात काय येतं? ‘आपण अहोरात्र, निःस्वार्थ भावनेने, तन-मन-धनाने समाजाची सेवा केली आहे.’ तन ठीक. मन ठीक. धन कुठून आणणार? ठेकेदाराकडे त्याचाच पगार अडकलेला असतो. रोटरीची एक चतुःसूत्री कसोटी आहे. हर्बर्ट टेलर नावाच्या शिकागोच्या रोटेरियनने 1932 मध्ये दिवाळखोरीला टेकलेल्या एका भांड्यांच्या कंपनीसाठी ती लिहिली, आणि तिचा पहिलाच प्रश्न आहे, हे सत्य आहे का? ती कसोटी फ्रेम करून मंचावर ठेवतात आणि मानपत्र तिच्या शेजारी उभं राहून वाचतात.

तर मानपत्र शंभर-सव्वाशे शब्दांचं असावं. मोठ्याने वाचायला मिनिटभर लागतं. त्यात विशेषणं दोन, बाकी सगळं काम. लाइनमन असेल तर खांबावर चढण्याआधी तो लाइन बंद केल्याची परवानगी घेतो, डिस्चार्ज रॉड टाकून उरलेला प्रवाह जमिनीत घालवतो आणि मगच तारेला हात लावतो, हे लिहा. सभागृहातल्या निम्म्या लोकांना ते नवं असतं, आणि लाइनमनच्या बायकोला ते ऐकून संध्याकाळभर पुरेल एवढी काळजी मिळते.

नाव मात्र त्याच्याच हातून कागदावर लिहून घ्या. फोनवर ऐकलेलं ‘शेवाळे’ फ्रेममध्ये ‘शेवाळ’ होऊन बसतं आणि काच लावल्यावर काना-मात्रा दुरुस्त होत नाही. बाईंच्या नावामागे सौ. की श्रीमती हे अंदाजाने ठरवू नका. श्रीमती म्हणजे विधवा असं समजणारे आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत, आणि ज्यांच्यामागे ते नाहक लागतं त्यांचे यजमान पहिल्या रांगेत बसलेले असतात. विचारा, नाहीतर नुसतं नाव लिहा. नावाला शेपूट नसलं तर काही बिघडत नाही. फ्लेक्सचा मजकूरही दोघांनी मोठ्याने वाचायचा. ‘कर्तृत्व’ या शब्दातला रफार प्रिंटरकडे वाटेत कुठेतरी पडतो, तो परत आणायला आठ बाय सहा फूट पुन्हा छापावं लागतं.

मग वेळ. क्लबाला सोयीची वेळ संध्याकाळी सात, कारण तेव्हा दुकानं आणि दवाखाने आवरून सभासद मोकळे होतात. सत्कारमूर्तींचं काय? दुसऱ्या पाळीची नर्स तेव्हा वॉर्डात असते, एसटीचा चालक मुक्कामी गाडी घेऊन निघालेला असतो, आणि चावीवाला पहाटे उठायचं म्हणून जेवायला बसलेला असतो. त्यांनी रजा काढावी असं आपण सहज म्हणतो. कंत्राटी कामगाराची रजा म्हणजे त्या दिवसाचा पगार कट. म्हणजे सेवेबद्दल सत्कार, आणि सत्काराबद्दल दंड! रविवारी सकाळी अकरा ही वेळ त्यातल्या त्यात बरी. तरीही कुणाचा खाडा होणार असेल तर ती मजुरी पाकिटात घाला, वर येण्याजाण्याचं रिक्षाभाडं. पैसे कुठून? पुष्पगुच्छ रद्द करा. गुच्छाच्या खर्चात खाडा भरून निघतो, शिवाय गुच्छ दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातो आणि तो उचलायला घंटागाडीवरचा आपलाच सत्कारमूर्ती येतो.

सरकारी नोकर असेल तर आणखी एक कागद लागतो. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 प्रमाणे आपल्या सन्मानार्थ भरवलेल्या सभेत मानपत्र घ्यायला शासकीय कर्मचाऱ्याला आधी परवानगी हवी. वरिष्ठांना पत्र निदान पंधरा दिवस आधी जायला हवं, आणि त्याची पोच हवी. पत्र गेलं की वरिष्ठांना वाटतं आपल्यालाही बोलावतील, आणि मंचावर एक खुर्ची वाढते.

खुर्च्यांचा प्रश्न गहन आहे. 23 फेब्रुवारी 1905 ला शिकागोत पॉल हॅरिसने रोटरीची पहिली बैठक घेतली तेव्हा सगळे मिळून चौघे होते. आमच्या मंचावरच नऊ असतात: अध्यक्ष, सचिव, मावळते अध्यक्ष, होणारे अध्यक्ष, प्रकल्पप्रमुख, सहाय्यक प्रांतपाल (आसपासच्या क्लबांचं बघणारे रोटरीचे पदाधिकारी), प्रमुख पाहुणे, प्रमुख पाहुण्यांनी सोबत आणलेले पाहुणे आणि वर सांगितलेले वरिष्ठ. प्रत्येकाचं स्वागत दीड मिनिट धरलं तरी साडेतेरा मिनिटं गेली, आणि ज्यांच्यासाठी हा घाट घातला ते अजून चौथ्या रांगेत, पंख्याखालची खुर्ची मिळाली नाही म्हणून घाम पुसत बसलेले. माझं मत स्पष्ट आहे, मंचावर सत्कारमूर्ती बसावेत आणि बाकीच्यांनी समोर बसून टाळ्या वाजवाव्यात. हे मत क्लबात मांडलं की सगळे ‘छान कल्पना आहे’ म्हणतात आणि प्रोटोकॉलची यादी पुढे सरकवतात.

दीपप्रज्वलनात ठरलेली पाच मिनिटं वाया जातात. समईला वाती पाच, काडी लावणारे नऊ, आणि वर पंखा फुल्ल. वाती तासभर आधी तेलात भिजवा, टोकं थोडी पिंजून घ्या, प्रत्येक टोकावर कापराचा चुरा ठेवा. मंचावरचा पंखा कुठल्या बटणावर आहे ते वॉचमनला विचारून त्यावर चिकटपट्टी लावा, म्हणजे घाईत कुणी सगळ्या हॉलचा अंधार करत नाही. मेणबत्ती लांब घ्या. आखूड मेणबत्ती चौथ्या मान्यवराच्या बोटांवर गळते आणि त्यांचं हसू फोटोत वेगळंच येतं.

आता मुख्य विधी. माणसाला हात दोन, आणि आपण देतो पाच वस्तू: शाल, श्रीफळ, गुच्छ, सन्मानचिन्ह, मानपत्र. शाल खांद्यावर गेली. श्रीफळ एका हातात, गुच्छ दुसऱ्या. सन्मानचिन्ह आलं की गुच्छ काखेत जातो, मानपत्राची फ्रेम आली की श्रीफळ हनुवटीखाली. त्यात अध्यक्ष हस्तांदोलनासाठी हात पुढे करतात. नारळ निसटतो आणि घरंगळत पहिल्या रांगेत जातो, तिथे सहाय्यक प्रांतपालांच्या पत्नी तो मोठ्या समंजसपणे पायाने थोपवतात.

हे टाळता येतं. सत्कारमूर्तीच्या मागे एक कार्यकर्ता कापडी पिशवी घेऊन उभा करा. वस्तू दिली, फोटो निघाला, की ती मागे पिशवीत. शेवटी हातात फक्त मानपत्र उरलं पाहिजे, कारण घरी भिंतीवर तेच जाणार. शालीचं प्लास्टिक आणि किमतीची चिठ्ठी आदल्या रात्री काढा, शाल उभी दुमडून तिची दोन टोकं वर राहतील अशी घडी घाला. ऐन वेळी शाल उलगडणारे अध्यक्ष शालीत स्वतःच गुरफटतात. नारळ घेताना कानाशी हलवून पाणी वाजतं का बघा, शेंडी शाबूत ठेवा. शेंडी देणाऱ्याकडे की घेणाऱ्याकडे यावर मंचावर चर्चा नको, ती सभासदांच्या जेवणात वर्षानुवर्षं चालू आहे. फ्रेम ए-फोर आकाराची, काचेऐवजी ॲक्रिलिकची. ए-थ्रीची काचेची फ्रेम मंचावर भारदस्त दिसते, पण ती घेऊन माणसाला एसटीत उभं राहून घरी जायचं असतं, आणि घरात दहा बाय दहाच्या खोलीत देव, कॅलेंडर आणि टीव्ही आधीच भिंती वाटून बसलेले असतात.

एका सत्काराला पाच मिनिटं धरा: वाचन एक, चालत येणं अर्धं, विधी एक, फोटो अर्धं आणि त्यांचं मनोगत दोन. मनोगत प्रमुख पाहुण्यांच्या आधी घ्या, आणि बोलायचं आहे हे आठवडाभर आधी सांगा. आयत्या वेळी माइक पुढे केला तर जो माणूस अकरा हजार व्होल्टच्या खांबावर शांत असतो तो माइकपुढे थरथरतो. माइकचं स्टँड त्याच्या उंचीला करायला एक माणूस ठेवा, कॉर्डलेसमध्ये नवे सेल घाला, आणि स्पीकरच्या समोर माइक नेऊ नका, नाहीतर स्पीकरचा आवाज माइकात, माइकचा पुन्हा स्पीकरमध्ये, अशी शिट्टी सुरू होते. पाहुण्यांना वीस मिनिटं सांगितली की ते चाळीस बोलतात, म्हणून दहा सांगायची.

फोटोत तिघंच: देणारा, घेणारा आणि घेणाऱ्याच्या घरचं एक माणूस. हा नियम मोडायला सगळा मंच टपलेला असतो. बातमीचंही तसंच आहे. आमची बातमी ‘क्लबचे अध्यक्ष, सचिव, यांच्या प्रमुख उपस्थितीत’ अशी सुरू होते आणि सत्कारमूर्ती शेवटच्या ओळीत येतात. जागा कमी पडली की वृत्तपत्रात मजकूर खालून कापतात. दुसऱ्या दिवशी छापून येतं की अमुक क्लबातर्फे सत्कार झाला, नऊ जण उपस्थित होते. कुणाचा झाला ते कळत नाही. तेव्हा पहिल्या वाक्यात त्यांची नावं आणि कामं, दुसऱ्यात क्लब, बाकी जागा उरली तर.

क्लबातही असे लोक असतात ज्यांचं नाव पहिल्या काय, शेवटच्या वाक्यातही नसतं. हॉलचं डिपॉझिट परत आणणारे खजिनदार, खुर्च्या मोजून परत देणारे, उरलेल्या जिलेबीचा हिशेब लावणारे. आभार मानणाऱ्याच्या हातात त्यांची लेखी यादी द्या, कारण आठवून आभार मानणारा नेमका केटररला दोनदा आणि यांना एकदाही आठवत नाही.

राहता राहिलं सन्मानचिन्ह. रोटरीचं वर्ष 1 जुलैला बदलतं आणि त्याबरोबर सगळे पदाधिकारीही. नव्या सचिवांच्या ताब्यात सभेची घंटा येते, अध्यक्षांनी गळ्यात घालायची पदाची कॉलर येते, आणि एक खोकं येतं, ज्यात जास्तीची मागवलेली सन्मानचिन्हं असतात. त्यांवर मावळत्या अध्यक्षांचं नाव ठळक अक्षरांत आणि वर्ष सोनेरी अक्षरांत कोरलेलं. वरून स्टिकर लावला तरी खालची अक्षरं बोटाला लागतात. म्हणून सन्मानचिन्हावर अध्यक्षांचं नाव आणि वर्ष कोरू नये, फक्त सत्कारमूर्तीचं नाव असावं, असा ठराव आमच्याकडे एकमताने मंजूर होतो. होतो तो मात्र दरवर्षी जूनमध्ये.