पाण्याच्या पेल्यात बुरशीचं विष दिसत नाही

"चटणीतलं (म्हणजे लाल तिखटातलं) विष घरीच ओळखा" हा मेसेज निपाणीपासून खानापूरपर्यंत फिरतोय. त्याच्याच भरवशावर शेजारच्या काकूंनी बुरशी धरलेल्या दोन किलो संकेश्वरी मिरच्या भाजून डंखाला (कांडप गिरणीत) नेल्या, म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेज सांगतो: तिखट पाण्यात तरंगलं तर शुद्ध, बुडालं तर विषारी, नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली चमकलं तरी विषारी, आणि तेलात भाजलं की विष जातं.

बारीक तिखट तरंगतं, बियांचा जाड चुरा बुडतो. विषाचा संबंधच नाही. बुरशीच्या या विषाचं नाव अफ्लाटॉक्सिन. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमात मसाल्याला किलोमागे त्याची मर्यादा एकूण 30 मायक्रोग्रॅम, त्यात बी1 हा सगळ्यात जहाल प्रकार फक्त 15. एका ग्रॅमचे दहा लाख भाग करा, त्यातले पंधरा. एवढ्यानं तिखट बुडेल होय? पाण्याची चाचणी एफएसएसएआयनंच सांगितलीय हे मान्य, पण ती विटेच्या भुकटीसारखी भेसळ ओळखायला.

दिव्याचंही तसंच. शुद्ध अफ्लाटॉक्सिन चमकतं खरं, पण तिखटातलं बाकीचंही चमकतं.

सगळ्यात घातक तो भाजण्याचा सल्ला. भाजल्यावर बुरशी मरते, तिनं आधी सोडलेलं विष उरतं. थोडं कमी होत असेल, पण ते पुरतं मोडायला लागणाऱ्या आचेवर मिरचीचा कोळसा होतो. उन्हात पुन्हा वाळवूनही ते जात नाही. आणि हे विष यकृताच्या कर्करोगाला कारण ठरतं.

मिरची मधोमध चिरून बघा. बाहेरून लालभडक असली तरी आत बियांच्या गाभ्याला बुरशीची करडी-हिरवी भुकटी असू शकते. अशी मिरची आणि फटकी (रंग उडून पांढुरकी पडलेली), दोन्ही टाकून द्या; पुसून, धुवून वापरू नका. स्वच्छ दिसली म्हणजे विष नाहीच, असंही नाही. वाळवताना ताडपत्री घाला, रात्री दवापासून झाका, आणि हलवल्यावर बी खुळखुळेपर्यंत पोत्यात भरू नका. वजनासाठी पाणी मारलेला माल तर घेऊच नका.

व्यापाऱ्यांनी खरी तपासणी करायची तर नमुन्यापासून सुरुवात करावी. विष ठरावीक मिरच्यांत साठतं, त्यामुळे एका पोत्याच्या तोंडची मूठ घेतली तर रिपोर्ट सहज चुकतो. बऱ्याच पोत्यांतून, वरून, मधून, तळातून थोडं थोडं घ्या, सगळं एकत्र दळा, मिसळा, मगच त्यातला भाग एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत द्या. तिथं मिथेनॉल-पाण्यात अर्क काढून, गाळून, इम्युनोअ‍ॅफिनिटी कॉलममधून (फक्त हे विष धरून ठेवणाऱ्या नळीतून) शुद्ध करून एचपीएलसी या यंत्रावर मोजतात. रिपोर्टात बी1 आणि एकूण, दोन्ही आकडे मागून घ्या. माल युरोपला जाणार असेल तर तिथली मर्यादा किलोमागे बी1 ला 5 आणि एकूण 10 मायक्रोग्रॅम आहे. इथं पास झालेलं पोतं तिथून परत येऊ शकतं.