‘कुत्र्याला कुत्र्यासारखे वागवा’ या प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या लॅब्राडॉर कुत्रीची, रेवाची, दांडीवरून उडी मारण्याची भीती कशी घालवते आहे, या माझ्या लेखावर आपण दिलेली प्रतिक्रिया इतर वाचकांनीही पाहिली असेल, म्हणून उत्तर सर्वांसमोरच देते. आपले म्हणणे असे: ‘ताई, कुत्र्याला कुत्र्यासारखे वागवा. दांडी पडली तर पडली, पट्टा धरून लगेच पुन्हा उडी मारायला लावायची. आमच्या तालमीत पोरगं पडलं की वस्ताद त्याला उठवून परत हौद्यात उभं करतो.’ त्यापुढे खाऊबद्दल, लॅब्राडॉर जातीबद्दल आणि माझ्याकडे वेळ फार असल्याबद्दलही आपण बरेच लिहिले आहे.

मतभेदाला माझी ना नाही. पण जी कुत्री आपण कधी पाहिलेली नाही तिला ‘नाटकी’ म्हणायचे आणि तिच्यासाठी पहाटे मैदानावर उभे राहणाऱ्या व्यक्तीला रिकामटेकडी ठरवायचे, ही चर्चेची रीत नव्हे. एक गोष्ट मान्य करते. दांडी ‘थोडी वर’ घेतली, एवढेच लेखात लिहिल्याने वाचकाला अंदाज येत नाही, आकडे हवे होते. ते खाली देत आहे.

तालमीविषयी मात्र मला कोणी शिकवू नये. माझ्या आजोबांचे उभे आयुष्य तालमीत गेले आणि शाहू महाराजांनी उभारलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानातल्या कुस्त्या मी त्यांच्या शेजारी बसून पाहिल्या आहेत. वस्ताद पडलेल्या पोराला उठवतो हे खरे, पण त्याला कोणासमोर उभे करतो, हे आपण सोयीस्करपणे गाळले आहे. नवे पोर आधी जोर-बैठका काढते, हौदा खणते, मग त्याच्याच अंगापिंडाच्या पोराशी त्याची जोड लागते. खांदा दुखावलेल्या पोराला त्याच संध्याकाळी थोराड मल्लाच्या अंगावर घालणाऱ्याला आजोबांनी वस्ताद म्हटले नसते. शिवाय ते पोर आपल्या पायांनी तालमीत आलेले असते आणि दुखले तर तोंडाने सांगू शकते.

रेवाच्या बाबतीत आपला उपाय करूनही झाला आहे. एका सराव-वर्गात दांडी तिच्या मागच्या पायांत अडकली, आधाराचा खांब दणकन कोसळला आणि ती भेदरून बाजूला झाली. तिथल्या प्रशिक्षकांनी पट्टा आखडून तिला लगेच पुन्हा उडी मारायला लावली. तिने मारली. त्यानंतर नुसते खांब दिसले तरी ती ओठ चाटू लागली, जांभया देऊ लागली, मान वळवून गवत हुंगत राहू लागली. ही कुत्र्याच्या ताणाची लक्षणे आहेत, आणि आपण त्यांनाच नाटक म्हणता.

१९६७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी केलेला प्रयोग कुत्र्यांवरचाच होता. ज्या कुत्र्यांना आधी विजेचे झटके दिले गेले आणि ते टाळण्याचा कोणताही मार्ग ठेवला नाही, त्यांतली बरीचशी नंतर केवळ मधला अडथळा ओलांडून सुटता येत असतानाही जागची हलली नाहीत. पट्ट्याचा हिसका आणि विजेचा झटका एकच आहेत असे मी म्हणत नाही. पण आपल्या करण्याने काहीच बदलत नाही हे जनावर एकदा शिकले की ते प्रयत्नच सोडते. हळव्या कुत्र्याला हे शिकायला फार वेळ लागत नाही.

म्हणून मी पशुवैद्यांकडून तिचे खुबे आणि खांदे आधी तपासून घेतले, कारण उडी नाकारणारे कुत्रे पुष्कळदा दुखते म्हणून नाकारते. मग दांडी जमिनीवर ठेवली आणि त्यावरून नुसते चालायचे, एवढेच काम ठेवले. आवाजाची भीती वेगळी हाताळली: ती चिकन खात असताना दूरवर कोणीतरी पीव्हीसी पाइप हलकेच टाकायचा आणि तिने मान वर न करता खाणे चालू ठेवले तरच पुढच्या वेळी थोडे जवळ यायचे. दांडीला निळी-पिवळी पट्टी गुंडाळली, कारण कुत्र्याला हे दोन रंग स्पष्ट दिसतात आणि हिरव्या गवतावरचा लाल रंग त्याला नीटसा वेगळा दिसत नाही. रेवाची खांद्यापाशी उंची ५५ सेंटिमीटर आहे. अमेरिकन केनेल क्लबच्या आज्ञापालन स्पर्धांतल्या ओपन या मधल्या वर्गात उडीची उंची कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीवरून ठरते. आम्ही सध्या १५ सेंटिमीटरवर आहोत. ती न अडखळता, सैल पट्ट्यावर, स्वतःहून गेली तरच ५ सेंटिमीटर वाढतात आणि थबकली की दांडी खाली येते. त्या वर्गात लागणारा, डंबेल तोंडात घेऊन उडी मारण्याचा विषय अजून काढलेलाच नाही. आपल्याकडच्या पावसात गवत निसरडे होते, तेव्हा उडी पूर्ण बंद असते. उडी घेताना पाय घसरला तर आजवरचे सारे पाण्यात जाईल.

खाऊविषयी मूळ लेखात लिहिले आहे, तो आपण पूर्ण वाचलेला दिसत नाही. जातीबद्दलच्या आणि माझ्या वेळेबद्दलच्या शेऱ्यांना उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही.

आपला जर्मन शेफर्ड एका दिवसात ‘सरळ झाला’, असे आपण लिहिता. पुढच्या वेळी तो पट्ट्याशिवाय दांडीकडे स्वतःहून जातो का आणि जाताना त्याची शेपटी कुठे असते, तेवढे पाहून कळवा. त्याच्या खुब्यांचा एक्स-रे काढलेला नसेल, तर त्याला पुन्हा उडी मारायला लावण्याआधी तो काढून घ्या. शेफर्डमध्ये खुब्याचा दोष बराच आढळतो.