नाना, बाळाच्या पोस्टमार्टमबद्दल

चोपड्याकडच्या आमच्या नात्यातलं एक बाळ यंदा चौथ्या दिवशी गेलं. जन्मलं तेव्हा खणखणीत रडलं, अंगावर प्यायलं. मग ओठ निळसर पडू लागले आणि मोठ्या दवाखान्यात नेईतो हातचं निसटलं. तिथल्या डॉक्टरांनी बापाला बाजूला घेऊन विचारलं, कारण समजून घ्यायचं असेल तर बाळाचं पोस्टमार्टम करता येईल. तेवढं पुरलं. 'जीव गेला तो गेला, आता फाडायचंही का?' इथपासून 'स्वतःची चूक झाकायची असेल' इथपर्यंत सगळं आमच्या घरच्या ग्रुपवर रात्र-रात्र चाललं. बाळाला तर बाप आणि चुलत्याने त्याच संध्याकाळी मीठ घालून पुरलं होतं. शेवटी नानांनी लिहिलं, 'देवनी दिधं, देवनी लिधं', आणि सगळे गप्प झाले.

मी इंग्लंडात पॅथॉलॉजीच्या खात्यात नोकरीला आहे. डॉक्टर नाही, टेबलाशी उभा राहून मदत करणारा तंत्रज्ञ. नानांपुढे ग्रुपवर बोलायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून इथे लिहितो: डॉक्टरांनी विचारलं ते योग्यच होतं.

आपल्याकडे पोस्टमार्टम म्हटलं की विहिरीत सापडलेला माणूस, फवारणीचं औषध प्यायलेला शेतकरी नाहीतर हायवेवरचा अपघात. पोलीस, पंचनामा आणि सिव्हिलच्या मागच्या खोलीबाहेर ताटकळलेली माणसं. बाळाच्या तपासणीत यातलं काही नसतं. संशयास्पद मृत्यू नसेल तर पोलिसांचा संबंध येत नाही. आई-बापांची लेखी संमती घेऊन वैद्यकीय महाविद्यालयाचा पॅथॉलॉजी विभाग ती करू शकतो. संमती नसेल तर हातही लावत नाहीत.

आणि 'फाडणं' म्हणतात तसं ते नसतं. पूर्ण दिवसांच्या बाळाचं हृदय साधारण 20 ग्रॅमचं. ते छातीतून एकटं काढत नाहीत, फुप्फुसांसकट एकत्र काढतात. फुप्फुसांकडून शुद्ध रक्त आणणाऱ्या शिरा भलत्याच ठिकाणी जोडलेल्या असतील, तर हृदय आधी सुटं केल्यावर तो दोष कायमचा हरवतो. मग बारीक कात्रीने, रक्त ज्या वाटेने वाहतं त्याच वाटेने एकेक कप्पा उघडत जायचं. उजवा वरचा कप्पा, झडप, उजवा खालचा, फुप्फुसाची धमनी, नंतर डावीकडचे. मधल्या पडद्यात भोक आहे का, मोठ्या धमन्या आपापल्या कप्प्यातून निघाल्यात का, सगळं लिहून घ्यायचं. वारही तपासायची. शेवटी शिवण घालून बाळाला कपडे चढवतात. टोपडं घातल्यावर आईला टाके दिसत नाहीत.

ते चौथ्याच दिवशी का गेलं, यावर ग्रुपवर बरीच चर्चा झाली. पाचवीच्या तयारीचं बोलणं चालू होतं. कोरा कागद, पेन, सटवाई येऊन लिहिणार. आमच्या आक्काने लिहिलं, 'तिने आधीच लिहून ठेवलं असेल.' त्या बाळाचं काय झालं हे मी सांगू शकत नाही, ते आता कुणीच सांगू शकत नाही. पण हृदयाचे काही दोष नेमके याच दिवसांत उघडे पडतात. पोटात असताना बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही, प्राणवायू वारेतून येतो. म्हणून रक्त फुप्फुसं टाळून जावं यासाठी फुप्फुसाची धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी एक नळी उघडी असते. जन्मानंतर ती बहुधा दोन-तीन दिवसांत आवळते. डावं हृदय खुरटलेलं असेल किंवा दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल झालेली असेल, तर बाळ याच नळीवर तगून असतं. ती मिटली की रडणारं, पिणारं बाळ निळं पडतं, मलूल होतं. दर 1000 जिवंत जन्मांमागे 8 ते 9 बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. त्यातले बरेच साधे असतात, थोडे असे जीवघेणे.

आता सुनेचं, म्हणजे बाळाच्या आईचं. पोस्टमार्टमचा पहिला फायदा तिचा आहे आणि ग्रुपवर तिच्याबद्दल कुणी शब्द काढला नाही. काढला तो आडून: ग्रहणात भाजी चिरली होती म्हणे, पपई खाल्ली होती म्हणे. बाळाच्या हृदयाची जडणघडण गर्भारपणाच्या पहिल्या 8 आठवड्यांत उरकते. पाचव्या महिन्यातल्या पपईने त्यात भोक पडत नाही. आईची आधीपासूनची आटोक्यात नसलेली शुगर, सुरुवातीच्या महिन्यांतला रुबेला (जर्मन गोवर), गुणसूत्रांतले बदल, जवळच्या नात्यातलं लग्न, ही खरी माहीत असलेली कारणं. पुष्कळदा कारण सापडतही नाही. नात्यातल्या लग्नाचं निघालं तर मामाची मुलगी करून आणणारे आपण सगळेच गोत्यात येऊ. इथल्या गोऱ्या बायाही विचारतात, मी जड पिशवी उचलली म्हणून झालं का? फरक एवढाच, की त्यांच्या हातात 'नाही' असं लिहिलेला कागद देता येतो.

तो कागद पुढच्या खेपेलाही लागतो. एका बाळाला दोष असेल तर पुढच्याला असण्याची शक्यता साधारण 100 मध्ये 2 ते 3, काही दोषांत जास्त. ते कळलं तर 18 ते 22 आठवड्यांत पोटातल्या बाळाची हृदयाची इको, म्हणजे खास हृदयाची सोनोग्राफी, करून घेता येते आणि बाळंतपण कुठे करायचं ते आधी ठरवता येतं. 'सोनोग्राफीत सगळं नॉर्मल होतं' हे वाक्य पुरेसं नाही. नेहमीच्या सोनोग्राफीतून हृदयाचे दोष निसटतात, इथेही निसटतात.

हो, डॉक्टरांची चूक असेल तर तीही यात दिसू शकते. म्हणून तोडफोड करायला निघणाऱ्या भावकीनेच ही तपासणी आधी मागायला हवी. काचा फोडून पुरावा मिळत नाही.

इंग्लंडचं सगळं गोडच आहे असं मात्र नाही. 1999 साली ब्रिस्टलच्या बालहृदय शस्त्रक्रियांच्या चौकशीत हृदयरचनेचे तज्ज्ञ प्रा. रॉबर्ट अँडरसन यांच्या साक्षीतून बाहेर आलं, की लिव्हरपूलच्या 'आल्डर हे' नावाच्या रुग्णालयात मुलांच्या हृदयांचा मोठा साठा आहे. आई-बापांना पत्ता नव्हता. काहींनी नंतर परत मिळालेले अवयव पुरण्यासाठी पुन्हा दफनविधी केला. 2001 चा चौकशी अहवाल आला, मानवी अवयव-ऊतींबद्दलचा 2004 चा कायदा आला, तेव्हा कुठे संमतीला आजचा अर्थ आला. फ्रान्सच्या डॉ. फॅलोने 1888 मध्ये निळ्या रोग्यांचं निदान मांडलं, कॅनडाच्या डॉ. मॉड ॲबटने 1936 मध्ये 1000 हृदयांचा ॲटलास काढला, ते सगळं शवविच्छेदनाच्या टेबलावरचंच ज्ञान. आज शाळेतल्या तपासणीत सापडलेली आपली पोरं सरकारी योजनेतून ऑपरेशनला जातात, त्यामागे तेच आहे. त्या ज्ञानासाठी तपासलेली किती हृदयं विचारून घेतली, हे मात्र कुणी छातीठोक सांगू नये. आणि आजही इथे बाळांच्या पॅथॉलॉजिस्टांची टंचाई आहे; अहवालाला महिने लागतात.

म्हणून इंग्लंडची नक्कल करा असं मी म्हणत नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे मराठीतलं, पोलिसी कागदापासून वेगळं संमतिपत्र असावं. त्यात पूर्ण तपासणी, फक्त हृदय किंवा फक्त बाहेरून, असे पर्याय असावेत आणि काढलेलं सगळं परत मिळेल, असं लेखी असावं. विचारायचं तर कॉरिडॉरमध्ये बापाला गाठून नको. आईसमोर, बसून, आणि आजी-आजोबा असतील तर त्यांच्यासमोरही. अहिराणी किंवा पावरी बोलणारी नर्स सोबत असेल तर उत्तम. धडगावहून आलेल्या माणसाला बाळ परत गावी न्यायला गाडी कोण देणार, हे त्याच बैठकीत सांगा. संध्याकाळच्या आत पुरायचंय ही त्याची निकड खरी आहे. गाडीची सोय नसेल तर त्याने नकार दिला म्हणून त्याला अडाणी ठरवू नका.