‘एक्स-रे नाही, इंजेक्शन नाही, नुसते व्यायाम’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. तुम्ही एकच तारा दिलात, पण कारणं नीट लिहिलीत, म्हणून सविस्तर उत्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाचेत कळ येते म्हणून तुम्ही आलात. आम्ही टाच दाबून पाहिली, एक्स-रे काढला नाही, मागूनही इंजेक्शन दिलं नाही आणि व्यायामाचा कागद हातात ठेवला. तीन आठवडे झाले तरी दुखणं आहेच. मग दुसरीकडे काढलेल्या एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं निघालं. शिवाय तुमच्या पाठोपाठ आलेल्या, पाय मुरगळलेल्या मुलाचा एक्स-रे मात्र लगेच झाला.

केसपेपरमधलं काहीही मी चारचौघांत लिहीत नाही, रुग्णाने स्वतः विषय काढला तरी. तेव्हा तुम्ही इथे जेवढं लिहिलंय तेवढ्यावरच बोलते.

आधी त्या वाढलेल्या हाडाबद्दल, कारण सगळा राग तिथेच आहे. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा असतो, प्लांटार फॅशिया. तो टाचेला जिथे चिकटतो तिथे ताण साचत गेला की दुखणं सुरू होतं. रात्रभर पाऊल सैल पडलेलं असतं, पट्टा आखडतो, आणि उठल्याबरोबर अंगाचा सगळा भार त्यावर येतो. म्हणून पहिल्या पावलांना कळ येते आणि थोडं चाललं की कमी होते. एक्स-रेत दिसणारी हाडाची टोकदार वाढ ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा कितीतरी लोकांतही सापडते. उलट, टाचेने हैराण झालेल्या अनेकांच्या एक्स-रेत ती नसते. ते टोक रुतत असतं तर दिवसभर, पावलागणिक टोचलं असतं. तुमच्या एक्स-रेत ते दिसलं याबद्दल मला शंका नाही. पण ते आधी दिसलं असतं तरी उपचार हेच राहिले असते.

‘नुसतं दाबून पाहिलं’ असं तुम्ही लिहिलंय. या दुखण्याची तपासणी हातानेच होते. टाचेच्या पुढच्या कडेला, आतल्या बाजूला अंगठा रोवून दाबल्यावर आणि पायाची बोटं वर ओढल्यावर तीच ओळखीची कळ उमटते का, हे बघायचं. मग टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून पिळायची. त्याने जोरात दुखलं तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका येते, आणि तेव्हा आम्ही एक्स-रेवरच काय, गरज पडली तर एमआरआयपर्यंत जातो, कारण ताणाची चीर सुरुवातीच्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. गुडघा ताठ ठेवून आणि मग वाकवून पाऊल किती वर येतं, यावरून पोटरी आखडली आहे का ते कळतं. रात्री झोपेतही ठणकत असेल, तळव्याला मुंग्या किंवा जळजळ असेल, ताप किंवा सूज असेल, किंवा तरुण वयात दोन्ही टाचांसोबत सकाळी कंबरही आखडत असेल, तर वाट वेगळी. मधुमेह असला तर आणखी वेगळी. तिथे तळव्याची संवेदना तपासल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

आता त्या मुलाबद्दल. त्याच्याविषयी काही सांगणार नाही, नियम सांगते. मुरगळलेल्या घोट्याचा एक्स-रे कधी काढायचा, हे कॅनडातल्या ओटावा इथे इयान स्टील आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये मांडलेल्या निकषांवर ठरतं. घोट्याच्या आत-बाहेर वर आलेल्या दोन हाडांच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर, खालच्या 6 सेंटिमीटरमध्ये दाबून दुखलं, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. पावलाच्या मधल्या भागासाठीही अशाच खुणा आहेत. त्यात न बसणारे घोटेही आम्ही एक्स-रेविनाच घरी पाठवतो, आणि तेही लोक आमच्यावर चिडतात. (बरेच जण साध्या लचकेलाही प्लास्टर मागतात. लिगामेंटला, म्हणजे हाडं एकमेकांना बांधणाऱ्या पट्ट्याला, आधार हवा, पण हालचालही हवी. एका पायावर तोल सांभाळण्याचा व्यायाम टाळला की तोच घोटा पुन्हा मुरगळतो.)

इंजेक्शन आम्ही देतच नाही असं नाही. स्टेरॉइडने काही आठवडे बरं वाटतं. पण त्याने क्वचित तो पट्टा तुटू शकतो आणि टाचेखालची चरबीची गादी झिजू शकते. झिजलेली गादी पुन्हा भरत नाही, म्हणून व्यायाम सुरू व्हायच्या आधी सुई उचलायला मी तयार नसते. मागितलं म्हणून द्यायचं औषध हे नव्हे.

तीन आठवड्यांत फरक पडला नाही, याचं मला आश्चर्य वाटलं नाही. बहुतेकांची टाच शस्त्रक्रियेशिवाय बरी होते, पण महिने घेते, कधी वर्षभरही. कागदावरचा पहिला व्यायाम पलंगावरून उतरण्याआधी करायचा आहे: दुखरं पाऊल दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचं, बोटं नडगीकडे ओढायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळव्यातला पट्टा तारेसारखा ताणला गेलाय ना ते बघायचं, दहा आकडे मोजायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. अनेक जण तो चालून-फिरून झाल्यावर करतात आणि त्याचा अर्धा उपयोग तिथेच जातो. दुसरा व्यायाम बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून टाचा उचलण्याचा, एक दिवस आड, सावकाश. घरातही अनवाणी फिरायचं नाही.

फी परत मागितलीत, ती आम्ही देणार नाही. तपासणी झाली होती आणि सल्ला आजही तोच आहे. मात्र सहा आठवड्यांची फेरतपासणी त्याच फीमध्ये धरलेली असते, कागदाच्या मागच्या बाजूला तसं छापलंय. तिला जरूर या. तोवर फरक नसेल तर झोपेत पाऊल ताणलेलं ठेवणारा, रात्री लावायचा स्प्लिंट, नंतर शॉकवेव्ह (यंत्राने दुखऱ्या जागी ध्वनिलहरींचे ठोके देणं), आणि तेव्हा इंजेक्शनबद्दलही मोकळेपणाने बोलू. त्याआधी वर लिहिलेल्यांपैकी एखादं लक्षण दिसलं तर तारखेची वाट बघू नका. येताना तो एक्स-रे आणि घरात-बाहेर रोज वापरता त्या चपला घेऊन या. तळ कुठे झिजलाय ते मला बघायचंय.