इंटरप्ट म्हणजे नुसता अडथळा नाही

एका लेखात इंटरप्ट या इंग्रजी शब्दाचा अर्थ 'अडथळा आणणे' एवढाच दिलाय, मला तो अपुरा वाटतो, कारण मूळ लॅटिन आहे, इंटर म्हणजे मध्ये आणि रुम्पेरे म्हणजे तोडणे, म्हणजे सरळ 'मधेच तोडणे'. लिगामेंटचं (हाडं जोडणाऱ्या पट्ट्याचं) रप्चर म्हणजे फाटणं, ज्वालामुखीचं इरप्शन म्हणजे उद्रेक, करप्ट, बँकरप्ट सगळी याच घरातली. आणि आपलं मराठी बघा ना, 'खंड पडला' म्हणतो त्यातला खंडही तुटण्याचाच आणि 'माझं बोलणं तोडू नकोस' तर हुबेहूब तेच! अडथळ्याने वाट अडते, इथे चालू धागा तुटतो. कुणी वाक्य अर्ध्यावर तोडलं की जिभेवर आलेला पुढचा शब्द गेला तो गेलाच. म्हणून भाषांतरात मी 'मधेच तोडणे'च लिहिते.